मूळ राज्यापुरती दारूबंदी

धुकं उतरायला लागलं की मला कळतं, आता आमचं मराठी मंडळ बोलायला लागणार.

उन्हाळ्यात आमची माणसं गप्प असतात. गार घरातून गार गाडीत आणि गार गाडीतून गार ऑफिसात पळताना मत मांडायची कुणाला उसंत नसते. नोव्हेंबर सरत आला, दुबईच्या अल मनखूलमधल्या आमच्या इमारतीच्या खिडक्या संध्याकाळी उघड्या दिसू लागल्या, पहाटे जबल अलीच्या रस्त्यावर कामगारांच्या बसचे दिवे धुक्यात अंधुक पिवळे दिसू लागले, की एकेकाला कंठ फुटतो. मी त्या रस्त्याने रोज जाते. जबल अलीतल्या एका मालवाहतूक कंपनीत मी कंटेनरची कागदपत्रं पाहते. गाडी जपून चालवत असताना बाजूच्या सीटवर फोन टिंगटिंग वाजत राहतो. क्रिकेटचे सामने, हळदीकुंकू, सुगम संगीत आणि वादविवाद स्पर्धा. काल या वर्षीच्या वादविवादाचा विषय आला. मी फोन पालथा घातला आणि पुढच्या बसच्या दिव्यांवर लक्ष ठेवलं.

हिवाळ्याबद्दल माझी काही तक्रार नाही. इथे माणसासारखं जगायचे तेवढेच तर महिने. कपाटातले स्वेटर डांबरगोळ्यांचा वास घेऊन बाहेर येतात आणि लोक ते जराशा गारव्यातही हिमालयात निघाल्याच्या थाटात घालतात. बर दुबईतल्या भाजीवाल्याकडे कोवळे मटार आणि पावट्याच्या शेंगा येतात, घेताना मटारचे दोन-चार दाणे तोंडात टाकता येतात, तो काही बोलत नाही. खालच्या चहाच्या टपरीपुढे गाड्या हॉर्न वाजवतात आणि पोऱ्या कागदी पेल्यातला कडक चहा काचेतून आत देतो. बागांमधून निखाऱ्यावरच्या मांसाचा धूर घरापर्यंत येतो. आणि बाल्कनीत गाद्या उन्हात पडतात. बाल्कनीत काहीही वाळत घालायला सक्त मनाई असल्याची नोटीस आमच्या लिफ्टमध्ये तीन भाषांत लावलेली आहे. पण हिवाळ्यात प्रत्येक मराठी घर एकदा तरी तो गुन्हा करतंच. आम्ही कायदे पाळणारी माणसं आहोत म्हणजे पकडले न जाणारी माणसं आहोत, हे मला त्या गाद्यांनी शिकवलं.

मी सांगतेय तो हिवाळा मात्र निराळा होता. त्या वर्षी आम्हाला रविवार परत मिळाला.

ज्यांनी इथे वर्षं काढलेली नाहीत त्यांना यातली गंमत कळायची नाही. कित्येक वर्षं आमची सुट्टी शुक्रवारी असायची आणि रविवारी सकाळी आम्ही डबे घेऊन कामावर निघायचो. गावाकडचे भाऊ-बहीण मटणाच्या रश्शाचे फोटो पाठवायचे आणि आम्ही ते ऑफिसच्या जिन्यात उभं राहून बघायचो. मग सरकारने सुट्टी बदलली. शुक्रवार अर्धा झाला, शनिवार-रविवार मोकळे झाले. पहिल्या रविवारी आमच्या मजल्यावर एकाच वेळी चार घरांतून वाटण भाजल्याचा वास आला. कुणी डोक्याला तेल चोळून बसलं, कुणी फोनवर जुनी गाणी मोठ्याने लावली. मलाही भरून आलं होतं, खोटं कशाला बोलू.

समोरच्या दारातल्या नितीनने हा आनंद जरा जास्तच मनावर घेतला.

नितीन एका बांधकाम कंपनीत इंजिनियर. हसरा, मदतीला धावणारा, कुणाचं सामान चढवायचं असो की कुणाला विमानतळावरून आणायचं असो, याच्याशिवाय पान हलत नसे. आठवडाभर तो दारूच्या थेंबाला शिवायचा नाही. पण रविवार त्याला गावच्यासारखा हवा होता, आणि त्याच्या गावचा रविवार सकाळी ग्लास भरूनच सुरू व्हायचा म्हणे. इथे तो ग्लास घेत नसे. मुलगी घरात असते म्हणून कॉफीच्या मगात घ्यायचा. आठला पहिला मग, नऊला दुसरा. आणि दहाला त्याची मुलगी ईरा हिला अल कुसैसमध्ये मंडळाच्या मराठीच्या वर्गाला सोडायचं असे. वर्ग मंडळाचा, गाडी नितीनची, आणि त्याची बायको मीनल ड्रायव्हिंगच्या परीक्षेत पुन्हापुन्हा नापास होत असलेली.

हे मला मीनलने गाद्या झोडपताना सांगितलं. तिची बाल्कनी आणि माझी बाल्कनी यांच्यात एक भिंत आहे, तिच्यावरून बोलायचं म्हणजे दोघींनाही वाकावं लागतं. ती वाकली आणि काठी हातात तशीच धरून म्हणाली, "वैशालीताई, मी रविवारी दहा ते साडेदहा काहीच करू शकत नाही. कणीकसुद्धा मळता येत नाही. ती पोचली असा टीचरचा मेसेज आला की मग मी खाली बसते."

"बोल ना त्याच्याशी."

"बोलले. म्हणतो, मला काय चढते का दोन मगांनी? आणि भांडले, तर तसाच तणतणत गाडी काढतो. ते अजून वाईट."

"मग गाडीच काढू देऊ नकोस."

"आणि सांगू काय लोकांना?" ती म्हणाली. "इथे पकडलं तर सोडत नाहीत ताई. नोकरी गेली की व्हिसा गेला. त्याचा गेला की आमच्या दोघींचा गेला. आणि नाही पकडलं..." ती गादीवर काठी मारत राहिली.

माझी रविवारची पाळी नसेल तेव्हा मी ईराला सोडत असे. एकदोनदा सोडलं. मग नितीनला ते लागलं. माझ्या मुलीला शेजाऱ्यांनी का सोडायचं, मी काय मेलोय का, असं तो हसतहसतच म्हणाला, आणि ते बंद झालं. पुरुषाचा मान ही एक अजब वस्तू आहे. तो पिताना जात नाही, पण दुसऱ्याने स्टिअरिंग धरलं की लगेच जातो.

इथे एक सांगून टाकते, म्हणजे मला कुणी सोवळी समजायला नको. मीही घेते. वाइनचा एखादा ग्लास मला आवडतो आणि त्यासाठी मी देवाची किंवा मंडळाची परवानगी मागत नाही. दारू विकावी की विकू नये, कुठल्या वारी, किती वाजता, याबद्दल शहाणी माणसं दोन्ही बाजूंनी बोलू शकतात आणि बोलावीत. मला चीड आहे ती आमच्या मंडळात ज्या रीतीने हे बोललं गेलं, त्या रीतीची.

विषय सुचवला हर्डीकरांनी. हर्डीकर संगणकाच्या धंद्यातले सल्लागार, राहायला शारजात. त्यांचा मेव्हणा अमेरिकेत असतो, त्याच्या गावात रविवारी दुपारपर्यंत दारूची विक्री बंद असते आणि त्यावर तिकडे मोठा वाद चाललाय, असं तो फोनवर म्हणाला होता. हर्डीकरांना विषय फार आवडला. मंडळाची बैठक खानविलकरांच्या घरी होती. खानविलकर आमच्यातले वडीलधारे, हॉटेलांची आतली सजावट करून द्यायचा त्यांचा मोठा व्यवसाय. मी बैठकीला होते, कारण खाण्याची जबाबदारी दर वर्षी माझ्याकडे असते, आणि खाणाऱ्यांनी मला मत विचारायची पद्धत नाही.

"रविवारी सकाळी दारूविक्रीस कायद्याने बंदी असावी," हर्डीकरांनी हवेत बोटाने ओळ ओढत म्हटलं. "एकदम टॉपिकल. आता संडे आपला झालाय ना!"

मंडळाचे सेक्रेटरी एकदम ताठ बसले. "कायद्याने म्हणजे? इथल्या कायद्याने? नको हं साहेब. इथल्या लॉवर एक शब्द नको. कोणी व्हिडिओ काढला, ग्रुपवर टाकला, की खलास."

"तसं कुठे म्हणतोय मी?"

"तसं नाही म्हणत हे विषयातच दिसायला पाहिजे."

मग बराच वेळ चर्चा झाली. चिवडा संपला, मी दुसऱ्यांदा आणला. शेवटी खानविलकरांनी तोडगा काढला आणि सगळ्यांनी माना डोलावल्या. विषयाच्या सुरुवातीला तीन शब्द चिकटवले गेले. 'आपल्या मूळ राज्यात रविवारी सकाळी दारूविक्रीस कायद्याने बंदी असावी.' म्हणजे ज्या राज्यात त्या खोलीतलं कुणीही राहत नव्हतं, मत द्यायला जात नव्हतं, रविवारी सकाळी तर नव्हतंच नव्हतं, तिथली दारू बंद करायची की चालू ठेवायची हे आम्ही ठरवणार होतो. आणि ज्या गावात रविवारी सकाळी आम्ही सगळे उठतो, पितो, गाड्या काढतो, त्याचं नाव घ्यायचं नव्हतं. मला या भित्रेपणाचंही फारसं वाटलं नसतं. परक्या देशात माणूस जपूनच बोलतो, मीही जपूनच बोलते. पण त्या तीन शब्दांनंतर खोलीत जो सुटकेचा निःश्वास टाकला गेला, तो मला कळला. आपल्या घराबद्दल बोलावं लागणार नाही म्हणून सुटलेला तो श्वास होता.

बंदीच्या बाजूने बोलायला खानविलकर ठरले. ज्यांनी या शहरात अर्धा डझन बारचे काउंटर आपल्या देखरेखीखाली बांधले, दिव्याचा उजेड बाटलीवर कुठल्या कोनातून पडला की ती अधिक चमकते हे ज्यांना पाठ आहे, ते. विरुद्ध बाजूने हर्डीकर. ज्यांनी स्वातंत्र्याची बाजू घेतली आणि जे, भाडं परवडतं म्हणून, शारजासारख्या ठिकाणी आपणहून राहतात जिथे एक बाटलीसुद्धा विकत नाहीत. हे त्या दोघांपैकी एकाच्याही लक्षात आलं नाही. लक्षात आलं असतं तरी त्यांना त्यात काही वावगं वाटलं नसतं.

परीक्षकाचं काम झरीनाआपांना दिलं. झरीनाआपा परकार रत्नागिरीकडच्या, इथे शाळेत मराठी-हिंदी शिकवून आता घरी असतात. सेक्रेटरी त्यांना म्हणाले, "आपा, तुम्ही एकदम न्यूट्रल. तुमच्यात चालतच नाही ना." आपांनी चष्मा पुसला आणि बरं म्हणाल्या. नंतर माझ्याशेजारी येऊन बसल्या तेव्हा हळूच म्हणाल्या, "आमच्यात चालत नाही म्हणे. माझा दीर बघायला हवा होता यांनी. सुट्टीवर यायचा तेव्हा तो प्यायला बाहेर जाऊ नये म्हणून माझी सासू दाराला आडवी झोपायची."

स्पर्धेचा रविवार फेब्रुवारीतला होता. आकाश स्वच्छ, वारा गार, बाहेर उन्हात बसायला हवं होतं अशी हवा. पण मंडळाने खाडीपलीकडच्या देरा भागातल्या एका हॉटेलचा पडदे ओढलेला हॉल घेतला होता. माझा नवरा कामाला खोर फक्कानच्या बंदरावर गेला होता, म्हणून मी नितीन-मीनलच्या गाडीतून आले. स्पर्धेमुळे वर्गाला सुट्टी होती, तेव्हा ईराही माझ्याशेजारी मागे होती. मी बरोबर असल्यामुळे त्या सकाळी नितीनचा कॉफीचा मग बाहेर निघाला नव्हता. मीनल पुढच्या सीटवर नुसती बाहेर बघत बसली होती आणि मधूनमधून स्वतःशीच हसत होती. खाडीवरच्या पुलावरून जाताना ती म्हणाली, "आज समुद्रपक्षी किती आलेत बघा." इतक्या साध्या गोष्टीवर बोलायला तिला कित्येक रविवारांत सवड झालेली नसावी.

हॉलमध्ये मिसळ होती, पाव गरम होते, तर्री मी स्वतः केली होती. पुरुषांनी जॅकेटं चढवली होती. बायका रेशमी साड्यांत. मुलं एका कोपऱ्यात इंग्रजीत दंगा करत होती, आणि त्यांच्या आया त्यांना मराठीत गप्प बसवत होत्या.

खानविलकर आधी बोलले. त्यांचा आवाज भारदस्त आहे आणि ते त्यांना ठाऊक आहे. "रविवारची सकाळ," ते म्हणाले, "ही मुलांची असते. त्या सकाळी बाप घरात शुद्धीवर असला पाहिजे. निदान त्या चार तासांसाठी तरी सरकारने त्या माउलीच्या बाजूने उभं राहिलं पाहिजे!" टाळ्या पडल्या. एकदोघींनी डोळे टिपले. मी मीनलकडे बघितलं. ती टाळ्या वाजवत नव्हती, पण पुढे वाकून ऐकत होती.

मग हर्डीकर उठले. त्यांनी बाही मागे सारली. "माझ्या फ्रिजमध्ये रविवारी सकाळी काय असावं हे सरकार ठरवणार असेल, तर ते सरकार उद्या माझ्या ताटात काय असावं हेही ठरवेल." हे वाक्य त्यांनी दोनदा म्हटलं, कारण पहिल्यांदा टाळ्या कमी पडल्या. शारजातला त्यांचा फ्रिज माझ्या डोळ्यांपुढे उभा राहिला. त्यात दही, कोथिंबीर आणि उद्याची भाजी. मला हसू आवरेना, तेव्हा झरीनाआपांनी मला कोपराने ढोसलं.

बाराच्या सुमाराला हॉटेलचा खालचा बार उघडतो. बाराच्या सुमाराला मंडळातल्या बऱ्याच जणांना एकदमच महत्त्वाचे फोन आले. खुर्च्या सरकल्या, माणसं फोन कानाला लावून वाकून बाहेर गेली, आणि बंदी असावी की नसावी हे उरलेल्या बायकांना आणि तीन म्हाताऱ्यांना ऐकवलं जाऊ लागलं. नितीनही गेला. जाताना त्याने मीनलकडे पाहिलं नाही. मीनलने मात्र दार बंद होईपर्यंत पाहिलं.

मग प्रेक्षकांच्या प्रश्नांची वेळ आली. सेक्रेटरींनी माईक फिरवला. दोन-तीन प्रश्न आले, ते प्रश्न नव्हतेच, ती छोटी भाषणं होती. तेवढ्यात खाली गेलेली मंडळी परतली आणि आपापल्या जागी बसली. आणि मीनल उभी राहिली.

"दुकान बंद असलं काय आणि उघडं असलं काय," ती म्हणाली. तिचा आवाज चढत होता. "समजा एखाद्याच्या घरी बाटली शनिवारीच आणून ठेवलेली असते. आणि रविवारी दहाला त्याला मुलीला गाडीतून सोडायचं असतं. इथेच. कुसैसला. तर त्या बाईने काय करायचं, हे मला दोन्ही बाजूंना विचारायचंय."

हॉलमध्ये कुणीतरी खोकलं. खानविलकरांनी हर्डीकरांकडे पाहिलं आणि हर्डीकरांनी पाण्याचा ग्लास उचलला. उत्तर दोघांकडेही नव्हतं, ते मी माफ केलं असतं. उत्तर माझ्याकडेही नव्हतं. पण त्यांच्या चेहऱ्यावर प्रश्नाबद्दल साधं कुतूहलसुद्धा उमटलं नाही, आणि ते मी आजतागायत माफ केलेलं नाही.

सेक्रेटरी धावले. "वहिनी, वहिनी, एक मिनिट. इथे म्हटलात तुम्ही. आपला विषय मूळ राज्यापुरता आहे. इथलं काही नको, प्लीज." मग हॉलकडे वळून, वातावरण हलकं करायला, ते म्हणाले, "वहिनींनी डायरेक्ट कुसैसला नेलं आपल्याला!"

हशा पिकला. लोक मनापासून हसले. नितीनही हसला, सगळ्यांपेक्षा अंमळ मोठ्याने. मीनल खाली बसली आणि तिने साडीचा पदर गुडघ्यावर नीट सरळ केला. तो सरळच होता.

झरीनाआपांनी निकाल दिला. "खानविलकर जिंकले," त्या माईकवर म्हणाल्या. "त्यांचा आवाज शेवटच्या खुर्चीपर्यंत पोचला." लोकांनी याही गोष्टीला टाळ्या वाजवल्या. आपा खाली उतरल्या त्या सरळ मीनलच्या शेजारी जाऊन बसल्या आणि जेवण वाढेपर्यंत तिचा हात धरून राहिल्या. 

त्या दिवशीचं जेवण चांगलं झालं होतं असं सगळे सांगतात. मला चव आठवत नाही. मला आठवतं ते जेवताना ऐकलेलं. बंदीवाले स्वातंत्र्यवाल्यांना म्हणत होते, "काय पॉइंट काढलात साहेब!" आणि स्वातंत्र्यवाले बंदीवाल्यांना म्हणत होते, "तुमचं ते माउलीचं वाक्य म्हणजे टच झालं." एकमेकांच्या पाठी थोपटल्या जात होत्या. वाद घालणाऱ्या माणसांमध्ये एवढा जिव्हाळा असेल, तर वाद कशावरून होता, असं कुणीतरी विचारायला हवं होतं. हल्ली मला वाटतं, जे कधी आपल्याला करावं लागणार नाही त्यावर भांडण्यासारखं सुख नाही. त्यात जिंकणाऱ्याला काही सोडावं लागत नाही आणि हरणाऱ्याचं काही जात नाही. दर हिवाळ्यात आम्ही असा एखादा विषय शोधतो, त्यावर घसा कोरडा करतो, मिसळ खातो, आणि घरी जाऊन आहे तसे राहतो.

दुपारी हॉटेलच्या पोर्चमध्ये गाड्यांची रांग लागली. हॉटेलची माणसं तळघरातून एकेक गाडी वर आणत होती, किल्ली मालकाच्या हातात देत होती. ऊन तिरपं झालं होतं, वाऱ्याला मिठाचा वास होता. सगळे घोळक्याने उभे होते. खानविलकरांच्या एका हातात जिंकलेला चषक होता, दुसऱ्या हाताने त्यांनी नातवाला, पाच-सहा वर्षांच्या अर्णवला, धरलं होतं. नितीनची गाडी आली. त्याने किल्ली घेतली, ती पडली, त्याने वाकून उचलली. डोळे लाल होते आणि बोलणं नेहमीपेक्षा एक पट्टी वर.

"चला चला, बसा," तो म्हणाला.

"नितीन, मी चालवते," मी म्हटलं. "मला तो रस्ता आवडतो."

"काही गरज नाही ताई. मी आहे ना."

ईरा हलली नाही. अकरा वर्षांची मुलगी, पाठीला छोटी बॅग, दोन्ही हातांनी पट्टे घट्ट धरलेले. "आय ॲम नॉट गोइंग इन धिस कार," ती म्हणाली.

"काय झालं?"

"बाबा, यू ड्रँक. यू वेंट डाउन विथ द अंकल्स. आय सॉ यू."

मागच्या गाडीवाल्याने हॉर्न दिला. हॉटेलचा माणूस दार उघडं धरून "यल्ला, यल्ला" म्हणत घाई करत होता. सेक्रेटरी कुजबुजले, "मीनलवहिनी, इथे सीन नको हं." मग हर्डीकर पुढे झाले. ईरापुढे गुडघ्यांवर हात ठेवून वाकले. "बेटा, बाबा एकदम ओके आहेत. जस्ट दोन बिअर. डोंट वरी."

आणि दुसऱ्या बाजूने खानविलकर. "ईराबाळ, सगळ्यांसमोर बाबांना असं बोलतात का? बस पाहू गाडीत. काही होत नाही. शहाणी ना तू?"

सकाळपासून या दोन माणसांचं एका अक्षरावर एकमत झालं नव्हतं. ते आता झालं. घाबरलेली एक लहान मुलगी शुद्धीवर नसलेल्या बापाच्या गाडीत बसावी यावर स्वातंत्र्य आणि बंदी दोघंही एकाच सुरात बोलत होते. मला त्या दोघांची इतकी किळस आली की बोलायला शब्द सापडेना.

मीनलला सापडले. तिने नितीनकडे पाहिलं, मग खानविलकरांकडे. हॉटेलच्या माणसाच्या हातून तिने मागचं दार स्वतः घेतलं आणि सताड उघडलं.

"काही होत नाही ना काका?"

"छे गं. एवढंसं तर अंतर."

"तुम्हीही मनखूललाच निघालात ना? मग अर्णवला बसवा आमच्या गाडीत. त्याची सोबत असली की ईरा लगेच बसेल."

अर्णवला काय, त्याला मोठी ताई आणि नवी गाडी. "येस! आजोबा, कॅन आय?" म्हणत तो उघड्या दाराकडे झेपावलासुद्धा. खानविलकरांनी त्याला असं मागे ओढलं की पोरगं कळवळलं. ओढण्याआधी त्यांनी विचार केला नव्हता, हे त्यांच्या चेहऱ्यावर स्पष्ट दिसलं. चषक खाली फरशीवर आपटला.

"नको, नको," ते म्हणाले. "त्याला... त्याला आमच्याच गाडीची सवय आहे."

 मागचा हॉर्न थांबला होता. नितीन गाडीच्या टपावर हात ठेवून उभा होता आणि खानविलकरांच्या त्या हाताकडे बघत होता. इतका वेळ बघत होता की त्याचं तोंड हळूहळू उतरत गेलेलं आम्हाला सगळ्यांना दिसलं. मग त्याने किल्ली माझ्या हातावर ठेवली, वळसा घालून पलीकडून मागच्या सीटवर जाऊन बसला आणि कोपऱ्यात सरकला. ईराने क्षणभर आईकडे पाहिलं आणि त्याच्याशेजारी बसली.

मीनल पुढे माझ्याशेजारी बसली आणि मी गाडी सुरू केली. पोर्चमधून बाहेर पडताना आरशात पाहिलं तेव्हा सेक्रेटरी चषक उचलून देत होते. खानविलकरांनी तो घेतला नव्हता. त्यांनी अर्णवचं मनगट दोन्ही हातांनी धरून ठेवलं होतं.